तशी वाईट नाही

कॅरलॉ, १२ नोव्हेंबर १९६६

वॅट,

पोचलास का, हे विचारायला हे पत्र नाही. विमान पडलं असतं तर रेडिओवर सांगितलं असतं.

बाबांची खोली आवरली. गादी बाहेर टाकली, खिडकी उघडी ठेवली. पलंगाखाली तुझा एक मोजा सापडला, तो नेलला दिला. नेल म्हणजे आपली कुत्री, विसरला असशील. बाबांना पुरायला न्यूझीलंडहून एवढा आलास, पण तिला एकदा हाकही मारली नाहीस.

आता मुद्द्याचं. जायच्या दिवशी तू फाटकापाशी कॅप्टन थर्लबीशी बोलत उभा होतास. मी वर काळ्या दलदलीच्या कडेनं मेंढ्या खाली आणत होते. तिथून फाटक दिसतं, तुला ठाऊक आहे. बराच वेळ उभे होतात दोघं. मालक नुसता नावाचा, डोंगर कुणाला खंडानं द्यायचा हे त्याचा कारभारी ठरवतो, आणि कारभारी हा थर्लबी. करार बाबांच्या नावावर होता, तो बाबांबरोबर गेला. नवा करार मेअखेरच्या मुदतीला. माझ्या नावावर झाला तर मी इथं. नाहीतर घर, डोंगर, कळप, सगळं दुसऱ्याचं, कारण कळप डोंगराबरोबर जातो ही इथली रीत तुला मी काय सांगायची. माझी म्हणून एक ट्रंक नि ही कुत्री.

तर काय बोललास त्याच्याशी? माझ्यासाठी एक शब्द तरी टाकलास का? का नुसते ओढ्यातले मासे नि तुमच्याकडची हवा? घरात आलास, चहा प्यालास, 'येतो गं' म्हणालास नि निघालास. विचारायचं माझ्या जिवावर आलं आणि सांगायचं तुझ्या.

काल माथ्यापर्यंत जाऊन आले. हीदरच्या झुडपांची फुलं कधीच करपली, सगळा डोंगर ओल्या तपकिरी घोंगडीसारखा पडलाय. कुजट, गार वास. वरच्या पायवाटेवर ग्राऊस पक्ष्याचा नर अगदी बुटाखालून उडाला नि त्याचं ते नेहमीचं 'जा-मागं, जा-मागं, मागं' करत खाली गेला. लहानपणी तू त्याला उलट शिव्या द्यायचास, 'हा डोंगर काय तुझ्या बापाचा आहे?' म्हणून. आता कुणाच्या बापाचा आहे ते विचारायला पाहिजे.

पुढच्या आठवड्यात मेंढ्यांत एडके सोडायचेत. म्हणजे कोकरं एप्रिलात. ती कोण बघणार, मी का दुसरं कुणी, ते तू फाटकापाशी काय बोललास त्यावर आहे. लिही.

बेथिया

*

कॅरलॉ, २९ जानेवारी १९६७

वॅट,

पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठोरं ते. 'थर्लबीशी तुझ्याबद्दल बोललो आहे. काळजी नसावी. इथे ऊन फार.' ऊन तुला लखलाभ.

बोललो म्हणतोस तर बोलला असशील. आपल्या घरात कुणी कधी खोटं बोललं नाही. मुळात कुणी काही बोललंच नाही, तर खोटं कुठून बोलणार.

इथं जरा बर्फ झाला. जरा म्हणजे, दार उघडेना म्हणून मी खिडकीतून बाहेर पडले. मेंढ्या वाऱ्याला पाठ करून त्यांच्या गोल दगडी वाड्याच्या खालच्या अंगाला गेल्या होत्या, दरवेळी जातात तिथंच, आणि तिथंच भिंतीच्या आडोशाला बर्फ साचला. ॲडम टर्नबुल पलीकडच्या उतारावरून खांद्यावर फावडं टाकून चालत आला. कसा आला देव जाणे, माथ्यावर पुढचा पाय दिसत नव्हता. म्हातारा दारात उभा राहून म्हणतो, "म्हटलं, इकडं आलोच होतो तर डोकवावं." इकडं आला होता म्हणे! त्या बर्फात कोल्हासुद्धा इकडं आला नसता.

लांब काठ्या खुपसत हिंडलो. नेल जिथं थांबून उकरेल तिथं खणायचं. खाली मेंढी जिवंत असली की तिच्या श्वासानं वर बारीक पिवळं भोक पडलेलं असतं, ते शोधायचं. बहुतेक सगळ्या निघाल्या. एकीनं भुकेनं स्वतःच्याच अंगावरची लोकर खाल्ली होती, पण बाहेर काढल्यावर अंग झाडून चालायला लागली. काही गेल्या. एक पांढरा ससा दिवसभर शेजारच्या दगडाआड बसून आमच्याकडं बघत होता, कानाची काळी टोकं तेवढी दिसायची. हात असे आखडले की फावडं सोडवेना. जाताना ॲडम म्हणाला, "चला, आजचा दिवस अगदीच फुकट नाही गेला." मला भरून आलं. तोंड फिरवून नेलला ओरडले.

रस्ता खुला झाल्यावर थर्लबी जीपमधून आला. कोरे करकरीत बूट.

"मिस डॉड्स, एकटीनं कसं काय निभावलंत?"

"निभावलं," मी म्हटलं.

"नुकसान फार?"

"झालं थोडं."

"यापुढंही जमेल तुम्हाला?"

"बघू."

तो माझ्याकडं बघत राहिला, अजून काहीतरी यायचंय असं समजून. अजून काय येणार? मी ओटकेक पुढं केला. एक खाल्ला, 'अप्रतिम' म्हणाला, दुसरा घेतला, गेला. मला वाटतं, काम झालं. बाबा असते तर माझी तिन्ही उत्तरं त्यांना पसंत पडली असती, 'बघू' कदाचित थोडं लांबलं म्हणाले असते.

तू बोललास ते बरं केलंस. एवढंच.

बेथिया

*

कॅरलॉ, १९ मार्च १९६७

वॅट,

गेला डोंगर.

शुक्रवारी थर्लबी आला. वारा बेताचा होता म्हणून शिकारखान्याची माणसं वरच्या अंगाला म्हातारं हीदर जाळत होती, पट्ट्यापट्ट्यानं, नवं कोवळं फुटावं म्हणून. स्वयंपाकघरातही धूर आला होता. तो टोपी गुडघ्यावर ठेवून बसला. टोपी गुडघ्यावर आली तेव्हाच मी ओळखलं.

"मिस डॉड्स, मी फार विचार केला. नवा करार मिस्टर हेथरिंग्टन यांच्याशी होतोय. फार उत्कृष्ट शिफारशी आहेत त्यांच्या."

"का?" मी विचारलं. जन्मात कुणाला 'का' विचारलं नव्हतं.

तो लाल झाला. वाईट माणूस नाही तो, हेच वाईट आहे. म्हणाला, "तुमच्याविषयी मला आदर आहे. पण एवढा मोठा डोंगर, आणि तुम्ही एकट्या. मी चौकशी केली. मला द्यायचाच होता तुम्हाला, खरं सांगतो. मी फक्त कुणीतरी म्हणायची वाट बघत होतो. कुणी म्हणेचना."

"कुणाला विचारलंत?"

"मिस्टर टर्नबुलना विचारलं. ते म्हणाले, 'निभावेल तिचं.' तुम्हाला विचारलं, तुम्ही म्हणालात 'बघू.' आणि त्याआधी तुमच्या भावाला विचारलं होतं, फाटकापाशी. म्हटलं, सख्खा भाऊ, दोन शब्द जास्तच बोलेल. ते..." आणि थांबला.

"काय म्हणाला?"

"जाऊ द्या."

"कॅप्टन, तुम्ही माझ्या चुलीपाशी बसलाय. सांगा."

"त्यांनी खूप वेळ डोंगराकडं बघितलं. मग म्हणाले, 'तशी वाईट नाही.'"

वॅट, मला हसू आलं. आवरेना. तो बिचारा घाबरून उठला, पाणी आणू का म्हणाला.

मला माहीत आहे तू काय म्हणालास. मला कुणी समजावून सांगायला नको. आपल्या डोंगरात याच्या वर शब्दच नाही. बाबा एकदाच म्हणाले होते 'तसा वाईट नाही', तेही त्या एडक्याला, ज्यानं सगळ्या जत्रांमध्ये पहिल्या नंबरची फीत मिळवली. आईला नाही म्हणाले. तिच्या थडग्यापाशीसुद्धा नाही. आणि तू मला म्हणालास. खूप वेळ डोंगराकडं बघून म्हणालास. इतकं थोर आजवर मला कुणी म्हटलं नव्हतं, नि त्यानंच माझा डोंगर घालवला.

अरे, कुणाला काय बोलतोय हे तरी बघायचं होतंस! हा दक्षिणेकडचा साहेब. याची हवा 'बहारदार' असते, याचं कुत्रं 'असामान्य' असतं, माझ्या जळक्या ओटकेकला हा 'अप्रतिम' म्हणतो. याच्याशी बोलताना तू सोनाराच्या काट्यावर शब्द तोलायला बसलास? वीस वर्षं जगाच्या टोकाला राहून तुला एवढं कळलं नाही? 'चांगली आहे' म्हणायला काय दात पडले असते?

मी तोंड उघडलं होतं, त्याला सांगायला. की कॅप्टन, आमच्यात याचा अर्थ असा नाही. की तुम्ही ऐकलं त्याच्या उलट आहे. तोंडातून आलं, "असं होय." बस. बाबांची लेक. तो गेल्यावर वर गेले, जळलेल्या पट्ट्याच्या कडेनं माथ्यावर, आणि वाऱ्यात ओरडून सगळं सांगितलं, मी कशी नि काय काय करते ते. बूट राखेनं काळे झाले. टिटव्या उठल्या, दुसरं कुणी ऐकलं नाही.

आणि तुला हे दुखणं माहीत नव्हतं असंही नाही, त्याचा तर मला राग आहे. मेंढ्या वळवायच्या स्पर्धेत तुझ्या मॉस कुत्र्यानं नि तू पहिला नंबर आणलात, सगळ्या खोऱ्यानं टोप्या उडवल्या. बाबा घरापर्यंत गप्प. फाटक लावताना म्हणाले, "कुत्रं बरं धावलं." पुढच्या वसंतात तू बोटीत बसलास. लोक विचारायचे, वॅट का गेला. मला माहीत होतं, मी कुणाला बोलले नाही. ज्या मापानं मोजलेलं तुला सोसवलं नाही, तेच माप घेऊन परत आलास नि मला मोजलंस.

मेच्या अखेरीला घर सोडायचंय. उत्तर नको.

बेथिया

*

ॲडम टर्नबुलच्या घरून, ४ जून १९६७

वॅट,

उत्तर नको म्हटलं तरी पाठवलंस. 'मला तसं म्हणायचं नव्हतं.' अरे बाबा, तुला तसंच म्हणायचं होतं, हेच तर रडगाणं आहे. पत्र नीट वाचत जा.

घर सोडलं. हेथरिंग्टनला डोंगराची शीव दाखवायला मीच गेले, दुसरं कोण दाखवणार. सबंध दिवस चाललो. दलदलीत कापूसगवताचे पांढरे झुपके फुटलेत, व्हॉप पक्षी डोक्यावर लांब शीळ घालत घिरट्या घालत होता, हीदरच्या बुंध्यात त्याची पिल्लं असणार म्हणून मी बाजूनं नेलं. एका उन्हाच्या दगडावर विषारी साप पसरला होता, त्यालाही वळसा घातला. मला वाटलं होतं, हा विचारेल, 'कुंपण कुठाय?' आणि मग मी हसेन. नाही विचारलं. उलट म्हणाला, "हे मेंढ्यांना त्यांच्या आयांनीच शिकवलेलं असतं ना, कुठवर आपलं नि कुठून दुसऱ्याचं? कळप मी मुळीच हलवणार नाही. हा ठेवाच आहे." जाणता माणूस. तोंडभर बोलतो नि कामही येतं त्याला. मला त्याचा राग करायलाही जागा ठेवली नाही त्यानं.

कोकरं आयांमागून चालत होती. आई चालते, लेक मागून चालते, जमीन तिच्या पायात बसते, संपलं शिक्षण. नर कोकरं शरदात विकायची, लेकी डोंगरावर ठेवायच्या. कळपात ही रीत, नि आपल्या घरातली लेक ट्रंक घेऊन खाली.

आता पुढचं ऐक. हे तुला आवडेल.

खालच्या खोऱ्यात अमोसला मेंढपाळ हवा होता. ॲडम म्हणाला, जाऊन ये. जाताना वाटभर मी स्वतःला बजावलं, बेथिया, एकदा तोंड मिटून डोंगर घालवलास, आता तरी उघड. अमोस पाइप ओढत बसला होता, बायको लोणी काढत होती.

"मेंढ्यांतलं येतं म्हणे तुला?"

"येतं म्हणजे?" मी म्हटलं. "या सगळ्या खोऱ्यात माझ्या तोडीचा मेंढपाळ नाही. यंदाच्या बर्फात जवळजवळ सगळा कळप जिवंत काढला मी. कोकरू आडवं असो, उलटं असो, माझ्या हातून अडलेलं नाही. कुत्री मी स्वतः तयार केलीय, नि ती उत्तम आहे."

कान असे तापले होते माझे! पण बोलले. सगळं बोलले. बर्फातलं निम्मं श्रेय ॲडमचं, तेही स्वतःच्या पदरात घेतलं.

अमोसनं पाइप तोंडातून काढला. बायकोकडं बघितलं. बायकोनं लोण्याकडं बघितलं.

"बरं," तो म्हणाला. "कळवतो."

ॲडमला चर्चपाशी भेटला तेव्हा म्हणाला, "डॉड्सची पोर बापावर नाही गेली रे. फार बोलते. एवढं बोलणाऱ्याला काही येत नसतं." दुसऱ्या कुणाला तरी ठेवलं. तो म्हणे मुलाखतीत फक्त खोकला.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. साहेबापुढं गप्प बसले नि आपल्या माणसापुढं बोलले. ॲडम पोट धरून हसला, मग डोळे पुसले, मग मला शेगडीजवळची खुर्ची दिली. तो मला किती दिवस ठेवेल? त्याच्या सुनेनं आज दोनदा विचारलं, 'पुढं काय ठरवलंय?'

बेथिया

*

गालाशील्स, २७ ऑगस्ट १९६७

वॅट,

ॲडमनं माझा इथला पत्ता तुला दिला म्हणे. तसं त्यानं का केलं, ते त्याला विचारीन.

मी लोकरीच्या गिरणीत आहे. लोकर येते ती धुतलेली, कुठल्या डोंगराची ते वासावरूनही कळत नाही. घरमालकीण बरी आहे, पण कुत्री चालत नाही. नेल ॲडमकडं. पहिल्या रविवारी भेटायला गेले तर अंगावर उड्या मारत आली. मागच्या रविवारी आली, हुंगलं, नि ॲडमच्या पायाशी जाऊन बसली. तिचं काम तिथं आहे, ती काय करणार.

तिथून कॅरलॉवर चढले. फिरायला येतात लोक तशी. हीदर फुललंय, पायथ्यापासून माथ्यापर्यंत जांभळं, आणि बुटांवर पिवळट पराग. मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवल्यात, सगळा उतार गुणगुणतोय. पलीकडच्या अंगाला बंदुका वाजत होत्या, शिकारीचा हंगाम. ग्राऊस थव्यानं खाली वळले, या वेळी काही न बोलता. मेंढ्या चरत होत्या जिथं चरायला हव्यात तिथंच, एक पाऊलही इकडं-तिकडं नाही. मी जवळ गेले तर उठून बाजूला सरकल्या. कुत्र्याशिवाय आलेलं माणूस म्हणजे परकं माणूस, मीच शिकवलंय त्यांना. तिथं एका दगडावर बसले नि रडले, हे लिहायला मला लाज वाटत नाही आता. मग बसची वेळ झाली.

आता तुझं पत्र. पहिल्यांदा दोन पानं लिहिलीस, म्हणजे हात दुखला असेल. तिकडं ये म्हणतोस. तुमच्या मालकाला मेंढ्यांतलं कळणारं माणूस हवंय, तिकीट तू पाठवशील, खोली आहे, डोंगरही आहेत, फक्त हीदर नाही. मालक विचारतोय बहीण कामाला कशी आहे, नि शेवटी तू मला विचारतोस, 'त्यांना काय सांगू?'

हे मला विचारतोस?

मालकाला काय सांगायचं ते सांग. तो साहेबासारखा असला तर उत्कृष्ट सांग, अमोससारखा असला तर खोकून दाखव. त्याच्याशी मला कर्तव्य नाही. पण त्याला सांगायच्या आधी मला सांग. कागदावर, मला, माझ्या नावानं. 'तशी' नको, 'नाही' नको, ऊन-पाऊस नको, कुत्र्याची चौकशी नको. 'बेथिया, तू चांगली आहेस या कामात, मला माहीत होतं.' एवढं एक वाक्य. बाबांनी ते न म्हणता थडग्यात नेलं, आईनं न ऐकता नेलं. मी वाचीन, लाल होईन, बहुतेक शेगडीत टाकीन. पण वाचीन.

तेवढं लिहिता येत नसेल तर तिकीट पाठवू नकोस.

बेथिया